नशीब न म्हणता

माझा आजा 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा घेऊन पातूरला परतला आणि त्यानं घरातून दोन गोष्टी बाहेर काढल्या. एक देव्हारा आणि दुसरं नशीब. देव्हारा काढायला एक दुपार पुरली असेल. नशीब काढायला त्याचं उरलेलं आयुष्य गेलं, कारण ते बोलण्यात रुतून बसलेलं असतं. आजी चूल फुंकताना सवयीनं म्हणायची, "नशिबातच नाही त काय करतं बाप्पा," आणि आजा बाजेवरून ओरडायचा, "नशीब नोको म्हणू! कोनं केलं ते म्हण."

त्याच्या रागाला कारण होतं. आमच्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं, पाण्याला शिवू दिलं नाही, आणि वर सांगितलं की हे तुमच्या मागच्या जन्माचं फळ आहे. म्हणजे ज्यानं दार लावलं तो निर्दोष आणि दाराबाहेर उभा असलेला दोषी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या मताची चिरफाड केली आहे. गरिबाची आजची स्थिती पूर्वजन्मीच्या कर्मानं ठरते असं मानण्याचा एकच उपयोग त्यांना दिसतो: राज्याला आणि समाजाला आपली जबाबदारी झटकता येते. वर्षावासात आमच्या विहारात हा ग्रंथ रोज थोडा थोडा वाचतात. शाळेतून येऊन मी कितीदा तरी वाचायला बसले आहे, आणि या भागाशी आलं की समोरच्या म्हाताऱ्या बाया माना डोलावतात. त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

माझा प्रश्न मात्र या वाचनानंतर सुरू होतो. नशीब नाही, देव नाही, हे मी मनापासून मानते. पण आयुष्यात जे आपल्या हातात नाही ते तर उरतंच. त्याच्यापुढं कसं उभं राहायचं?

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पातुरातून पंढरपूरला जाते. आमच्या शेजारच्या काकू तिच्यासोबत जातात. घरात आजारपण असो, कर्ज असो, त्या विठ्ठलावर भार टाकतात आणि त्यांचा चेहरा खरोखर हलका होतो; मी तो जवळून पाहिला आहे. त्यांच्याकडं भार टाकायला जागा आहे. माझ्याकडं ती नाही, आणि नको असं मीच ठरवलेलं आहे. तरी ओझं काही माझी श्रद्धा विचारून अंगावर येत नाही.

परवाच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी गारपीट झाली. माझा मोठा भाऊ तालुक्यातल्या एका गावात शेती करतो. उभा गहू आडवा झाला, आणि लिंबाचा हस्त बहार, जो उन्हाळ्यात भाव मिळवून देतो, तो झाडांखाली हिरव्या सड्यासारखा पडला. मी गेले तेव्हा दादा बांधावर बसला होता. म्हणाला, "नशीबच फुटकं हाय आपलं." आजाच्या नातवाच्या तोंडून हे निघालं. मी गप्प राहिले. माझा भाचा, दादाचा मुलगा, पुण्याहून आला होता. तिकडं नोकरी करतो, शिकलेला, कामसू पोरगा. तो म्हणाला, "बाबा, नशीब काही नसतं. प्लॅनिंग पाहिजे. नेट टाकायला पाहिजे होतं, पीक बदलायला पाहिजे होतं. सगळं आपल्या हातात असतं." तो काही वाईट हेतूनं बोलला नाही. पण दादाचा चेहरा गारांनी उतरला नव्हता तेवढा त्या वाक्यानं उतरला.

तेव्हा मला दिसलं की ही दोन्ही वाक्यं शेवटी एकाच जागी पोचतात. नशीब म्हणणारा माणसाला गप्प बसवतो. सगळं तुझ्या हातात आहे म्हणणारा त्याला आरोपी करतो. ज्याच्या हातात सगळं होतं आणि तरी ज्याचं सगळं गेलं, त्यानं स्वतःविषयी काय समजायचं? वऱ्हाडात ही पुस्तकी चर्चा नाही. ज्या घरचा कर्ता माणूस फवारणीचं औषध पिऊन गेला, अशा घरांच्या ओसरीवर मी बसले आहे. तिथं येणारी निम्मी माणसं नशीब म्हणतात आणि निम्मी हळूच म्हणतात की त्यानं जरा हिंमत धरायला पाहिजे होती. त्याच्या बायकोला यातलं कोणतं वाक्य घेऊन जगता येईल?

बुद्धाच्या काळीही ही ओढाताण होतीच. मक्खली गोसाल नियतीवादी होता. सुताचा गुंडा फेकला की तो जेवढा उलगडायचा तेवढाच उलगडतो, तसं शहाण्याचं आणि मूर्खाचं आयुष्य आपोआप संपतं, प्रयत्नानं काही होत नाही, असं त्याचं मत होतं. बुद्धानं ते मत घातक मानलं. पण त्याच्या उलट टोकाला जाऊन सगळं माणसाच्या कर्मावरही त्यानं लादलं नाही. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो, की माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वी केलेल्याचंच फळ, हे खरं का? बुद्ध नाही म्हणतो आणि कारणं मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, या तिघांचं एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, आपल्या वागण्यातला निष्काळजीपणा, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्म. आठातलं एक. ऋतू हे वेगळं कारण म्हणून तिथं नोंदलेलं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत माझ्या भावाच्या गहू-लिंबांना जागा आहे, याचं मला फार वाटतं.

तरीही यादी म्हणजे कारणांची ओळख. कारण कळलं म्हणून गार पडायची थांबत नाही. त्या गारेत हात कसे चालवायचे हे मला ज्या ठिकाणी समजलं, ते ठिकाण वऱ्हाडात नाही.

त्या मार्चमध्ये आम्ही महाडला गेलो होतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तो दिवस. नंतर तिथल्या सवर्णांनी शेणमूत्राचे 108 घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं. 25 डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली, आणि तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टातून पक्का व्हायला 1937 उजाडलं. दादाला यायचं नव्हतं. गारपिटीचे पंचनामे व्हायचेत, म्हणाला. पण विम्याच्या सूचनेला तेव्हा 72 तासांची मुदत होती, ती त्यानं पाळली होती, पंचनामाही उरकला होता, आणि घरी बसून तो झुरत होता. आम्ही त्याला जवळजवळ ओढूनच क्रूझरमध्ये बसवलं. परतताना भाच्यानं कोलाडला थांबायचं ठरवलेलं होतं. माणगाव, इंदापूर ओलांडून कोलाड येतं. तिथं कुंडलिका नदीवर राफ्टिंग करतात.

मला पोहता येत नाही. पातूरकडच्या आमच्या निर्गुणेला पावसाळ्यात पूर येतो आणि मार्चमध्ये तिच्या वाळूत पाय भाजतात. मधली अवस्था थोडीच. मुलं विहिरीत शिकत, मुली शिकत नसत. दादाला विहिरीतलं पोहणं येतं. भर उन्हाळ्याच्या तोंडावर काठोकाठ धावणारी नदी पाहून तो चकित झाला. म्हणाला, "एवढं पानी आता कुठून आलं?"

त्याचं उत्तर मला आदल्या रात्रीच भाच्यानं आणि मी मिळून शोधलं होतं, आणि त्या उत्तरानंच मी खरी गुंतले. ते पाणी कुंडलिकेचं एकटीचं नाही. सह्याद्रीच्या वर, पुणे जिल्ह्यात, मुळशीचं धरण आहे. मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी तिथं अडवून, डोंगरातून पश्चिमेला वळवून, सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. टाटांचं ते वीजघर 1927 सालचं, चवदार तळ्याच्याच वर्षाचं. धरण बांधलं जात असताना मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 पासून सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. जमिनी बुडाल्याच. मुळेचं पाणी मुळात पूर्वेला जाणारं. पुण्यात मुठेला भेटून ते भीमेत जातं, आणि भीमा म्हणजेच पंढरपूरची चंद्रभागा. म्हणजे काकू ज्या पाण्यात आषाढीला स्नान करतात, त्यातला एक वाटा डोंगराच्या पोटातून उलटा फिरून वीज करतो आणि रेवदंड्याच्या समुद्राकडं जातो. वीजघर चाललं की सकाळी नदी भरते, बंद झालं की उतरते. एखाद्याला यातलं काहीच माहीत नसेल आणि तो रोज सकाळी काठावर उभा राहील, तर नदीला लहर आली म्हणेल. देवाची कृपा म्हणेल. मला दैव या कल्पनेचं मूळच तिथं दिसल्यासारखं झालं. वरचं दिसत नाही, म्हणून खालचं लहरी वाटतं.

साजे गावाजवळ राफ्ट पाण्यात सोडतात. तिथून साधारण 12 किलोमीटर. जगभर रॅपिडची प्रत एक ते सहा अशी मोजतात. कुंडलिकेची दोन ते तीन, म्हणजे मधली. नवख्याला झेपते, पण चुकलं तर माणूस पाण्यात. आमचा गाइड जवळच्याच गावचा पोरगा होता, माझ्या दहावीतल्या मुलांपेक्षा थोडा मोठा. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानं स्वतः ओढून पाहिले, हेल्मेट घातलं आणि काठावरच शिकवणी घेतली. मी शिकवणारी बाई. मला शिकवणारा लगेच कळतो. तो पोरगा उत्तम शिकवत होता.

त्यानं सांगितलं, मी 'फॉरवर्ड' म्हटलं की सगळ्यांनी पॅडल मारायचं. लाट मोठी दिसली की माणसं पॅडल आत घेतात आणि दोरी धरून बसतात. तसं करायचं नाही. पाण्यात पडलात तर पाठीवर झोपा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवा. तळ लागला तरी उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागचं पाणी पालथं पाडून दाबून धरतं, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. हातपाय झाडायचे नाहीत, दम जातो. राफ्ट खडकावर आपटली तर खडकाकडं झुका, दूर होऊ नका. दूर झालात तर पाण्याकडची कड दबते, पाणी आत चढतं आणि राफ्ट उलटते.

दादानं विचारलं, "पानीच नेते तं पॅडल कायले माराचं?"

हा प्रश्न मी विज्ञानाच्या वर्गात अनेकदा वेगळ्या रूपात ऐकला आहे. गाइडनं उत्तर दिलं ते असं, की पाण्याच्या बरोबरीनं गेलं तर राफ्ट वळत नाही. मला वाक्य ऐकताच त्यातलं शास्त्र उलगडलं. मागं बसलेल्याचं पॅडल सुकाणूचं काम करतं ते पात्यावरून पाणी सरकतं म्हणून. राफ्ट आणि पाणी एकाच वेगानं चाललं तर पात्यावरून काही सरकतच नाही. पातं कसंही फिरवा, राफ्टला कळत नाही. पाण्याहून थोडं जलद व्हा किंवा थोडं हळू, तेव्हाच दिशा तुमच्या हाती येते. नदीला थांबवणं, वळवणं, तिचा वेग बदलणं यातलं काहीच तुम्हाला करता येत नाही. तुमच्याकडं असतो तो तेवढा थोडासा फरक. माणसाची सगळी कामं त्या फरकात होतात.

सुरुवातीच्याच एका रॅपिडला ते 'गुड मॉर्निंग बुद्धा' म्हणतात. मी नावावर फार विचार केला नाही, तेवढा वेळच नव्हता. पुढं पाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखं निमुळतं होऊन दोन खडकांमधून उतरत होतं, आणि त्या टोकापलीकडं पांढरं उसळत होतं. गाइड ओरडला. भाचा पुढं होता, त्यानं जोरात पॅडल मारलं. मी मारलं. दादानं मात्र पॅडल छातीशी धरलं आणि दोरी घट्ट पकडली. राफ्टचं नाक त्याच्या बाजूला वळलं, खडक आला, आणि दादा उलट दिशेला, म्हणजे खडकापासून लांब, मागं सरला. "खडकाकडं! काका, खडकाकडं!" मी दादाच्या जॅकेटला धरून आपलं सगळं अंग खडकावर टाकलं, भाचाही त्याच बाजूला पडला. पाणी गुडघ्यापर्यंत आत आलं. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं, राफ्ट फिरली आणि आम्ही उलट तोंडानं खाली उतरलो.

पुढच्या रॅपिडला दादानं पॅडल मारलं. त्याच्या पुढच्याला तो गाइडच्या आधी ओरडत होता.

संयुत्त निकायाच्या अगदी आरंभी एक छोटंसं सुत्त आहे, ओघतरण. रात्री जेतवनात एक देवता येते आणि बुद्धाला विचारते की तू हा महापूर कसा ओलांडलास? बुद्धाचं उत्तर असं, की थांबलो नाही आणि झोंबलोही नाही, म्हणून ओलांडला. थांबलो तेव्हा बुडालो. झोंबलो तेव्हा वाहून गेलो. मी हे सुत्त कितीदा वाचलं होतं आणि दर वेळी त्यातलं कोडं सुंदर वाटून पुढं गेले होते. थांबायचं नाही आणि झोंबायचंही नाही, मग करायचं काय? कोलाडच्या त्या पोरानं काठावर जे सांगितलं त्यात कोडं उरत नाही. उभं राहू नका, पाय अडकेल. हातपाय झाडू नका, दम जाईल. पॅडल मारा. आपल्या देशात दैव आणि प्रयत्न ही दोन पारडी मानून फार वाद झाले. योगवासिष्ठानं दैव म्हणजे जुनाच पुरुषार्थ म्हणून ते मोडीत काढलं, रामदासांनी प्रयत्नाला देवाच्या जागी बसवलं. मला ती मतं जवळची आहेत, पण त्यांत पाणी कमी आणि पॅडल जास्त आहे. ओघतरणात पूर पूर्ण खरा आहे. त्याला कोणी नमस्कार करत नाही, आणि कोणी तो नाकारतही नाही.

मोठ्या खडकामागं पाणी उलटं फिरतं, प्रवाहाच्या विरुद्ध. गाइडनं तिथं राफ्ट घातली आणि आम्ही श्वास घेत बसलो. भाचा म्हणाला, "आत्या, बघ, सगळं टीमवर्कवर असतं." मी म्हटलं, "आणि मुळशीत पाणी नसतं तर?" तो हसला नाही, विचारात पडला. दादा गाइडकडं वळला. "हे पानी सोडाचं कोन ठरवते?" गाइड म्हणाला, "वरून, भिऱ्याहून. विजेच्या हिशेबानं." दादानं पुन्हा विचारलं, "मंग तुमाले टाइम कसा समजते?" वेळ आधी कळते, म्हणून धंदा चालतो, असं त्या पोरानं सांगितलं.

दादा बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला. त्याचं शेत कालव्याच्या टेलला आहे. पाटाचं पाणी त्याच्यापर्यंत कधी पाळीच्या दिवशी येतं, कधी चार दिवसांनी, कधी वरच्या शेतांत संपून जातं, आणि कधी येणार हे त्याला कोणी सांगत नाही. या न येण्यालाही तो वर्षानुवर्षं नशीबच म्हणत आला आहे. गाराही नशीब आणि पाटही नशीब. गारेच्या मागं ऋतू आहे. पाटाच्या मागं गेट आहे, आणि गेटला चाक आहे, आणि चाकाला हात. सीवकाला दिलेली यादी म्हणूनच महत्त्वाची वाटते: कारणं वेगळी केली की कुठं सोसायचं आणि कुठं जाब विचारायचा हे वेगळं होतं. महाडला तळ्यात पाणी होतं, माणसांना तहान होती, चालून जायला पायही होते. मध्ये जे होतं ते माणसांनी घातलेलं होतं, आणि ते तसं म्हटल्याशिवाय निघणार नव्हतं. गाडीत बसल्यावर दादा भाच्याला म्हणाला, "पाळीचं वेळापत्रक लेखी मांगता येते का रे?" भाच्यानं वाटेतच अर्ज लिहून काढला. त्याचं पुढं काय झालं ती वेगळी, लांबणारी गोष्ट आहे.

पातूरला आल्यावर मी हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग तो पाठीमागं बसलेला तुमचा गाइड, तोच आमचा विठ्ठल नाही का?" मी म्हटलं, नाही काकू. तो आमच्याऐवजी पॅडल मारू शकत नव्हता, आणि पाणीही त्यानं सोडलेलं नव्हतं. काकू थांबल्या नाहीत. "पन तो ओरडला अन् तू खडकाकडं झुकली. तुलं तं लांब पळू वाटत होतं. भरवसा ठेवला म्हनूनच न?"

याला माझ्याकडं त्या वेळी उत्तर नव्हतं, आणि प्रश्न खरा होता. मी रात्री पुस्तकं काढली. सुत्तनिपातात आळवक नावाचा यक्ष बुद्धाला तोच प्रश्न विचारतो, पूर कसा ओलांडावा, आणि तिथं बुद्ध वेगळं उत्तर देतो: श्रद्धेनं. म्हणजे माझ्याच ग्रंथांत काकूंच्या बाजूची साक्ष निघाली. पण पाच इंद्रियांच्या यादीत श्रद्धेच्या लगेच पुढं वीर्य, म्हणजे उद्योग, ठेवलेला आहे, आणि शेवटी प्रज्ञा. गाइडवरचा माझा भरवसा त्या जातीचा होता असं मला वाटतं. त्यानं नदी केली नव्हती. तो ती रोज उतरत होता, आणि त्यानं सांगितलेलं मी स्वतः खडकावर अंग टाकून तपासू शकत होते. विठ्ठलावरचा काकूंचा भरवसा असाच तपासता येतो का, असं मी त्यांना अजून विचारलेलं नाही. पंढरपूरची वाट त्या स्वतः चालून येतात, तेव्हा त्या कदाचित हो म्हणतील, आणि मग मला पुन्हा पुस्तकांकडं जावं लागेल. पालखीला अजून दोन महिने आहेत. त्यांच्या पिशवीत औषधं भरायला मी जाणारच आहे, तेव्हा बोलणं होईल.